अल्गॉनक्विनमध्ये एकट्याने कनू: सप्टेंबरातले चार दिवस, तीन मुक्काम आणि एक गळ

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडची बरीच मराठी मंडळी सप्टेंबरअखेर हायवे ६० वर लाल मेपल बघायला जातात, कडेला गाडी लावून फोटो काढतात आणि रात्री जेवायला घरी असतात. त्याच रस्त्यावरून कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद, उघडी होडी) पाण्यात ढकलली की तासाभरात गाड्यांचा आवाज येईनासा होतो. हा रस्ता ज्यातून जातो ते ऑन्टारिओतलं अल्गॉनक्विन प्रांतीय उद्यान १८९३ सालचं. क्षेत्रफळ सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर, आत २,४०० हून जास्त तळी आणि दोन हजार किलोमीटरपेक्षा जास्त लांबीच्या कनूच्या वाटा.

उन्हाळ्यात दोन-चार वेळा कोणाबरोबर तरी कनू वल्हवली आहे, तंबूत राहिला आहात आणि आता शरदात एकट्याने जायचं मनात आहे, असं असेल तर पुढचं वाचा. कनूत कधी बसलाच नसाल तर आधी पुढच्या जुलैत जा. पहिली कनू, पहिला एकटेपणा आणि पहिली थंडी हे तिन्ही एकाच फेरीत नकोत.

आधी पाण्याचं

अस्वल, लांडगे, अंधार यांची भीती सगळ्यांना वाटते. शरदातला खरा धोका मात्र कनूखालच्या पाण्याचा असतो. सप्टेंबरच्या मध्यावर तळ्याचं पाणी वरच्या थरात १६-१८ अंशांवर असतं, महिनाअखेर १४-१५ वर येतं आणि ऑक्टोबरात भराभर दहाच्या खाली जातं. बाहेर ऊन पडलेलं असतं, हवा १८ अंश असते, म्हणून पाण्याचा अंदाज चुकतो.

मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यासाठी एक सोपा हिशेब रूढ केला आहे: १-१०-१. बर्फगार पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला लागतं. पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला सुमारे १ तास असतो. सप्टेंबरचं पाणी इतकं गार नसतं, त्यामुळे वेळ थोडा जास्त मिळतो, पण क्रम हाच. बुडणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या मिनिटातच बुडतात, कारण दचकून घेतलेला पहिला श्वास पाण्याखाली घेतला जातो. दोघं असतील तर दुसरा ओढून काढतो, एकट्याला ते काम लाइफ जॅकेटनेच करून घ्यावं लागतं. म्हणून ते अंगात हवं आणि चेन वरपर्यंत लावलेली हवी. सीटखाली किंवा पाठीमागे टेकायला ठेवलेलं जॅकेट नसल्यासारखंच.

यातून तीन नियम निघतात आणि पुढचं सगळं त्यांच्याच आधारावर आहे. पहिला: किनाऱ्यापासून ३०-४० मीटरच्या आत राहायचं. तळं मधून ओलांडल्याने वीस मिनिटं वाचत असली तरी काठाकाठानेच जायचं. दुसरा: लाटांची डोकी पांढरी दिसली की पाण्यात उतरायचं नाही, उतरला असाल तर बाहेर यायचं. तिसरा: कनू उलटली आणि वाऱ्याने निघून गेली तरी अंगावर इतकं सामान हवं की रात्र निघेल. जॅकेटच्या खिशात शिटी, पाणी न शिरणाऱ्या डबीत दोन लायटर, सुरी, होकायंत्र, पातळ फॉइलचं ब्लँकेट आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र ठेवा. हे यंत्र पुष्कळ जण बॅगेत ठेवतात, आणि उलटल्यावर बॅग कनूबरोबर निघून जाते.

कधी आणि कुठे

पहिल्या फेरीला सप्टेंबरचा दुसरा ते चौथा आठवडा घ्या. डास आणि काळ्या माश्या संपलेल्या असतात, रात्र साधारण पाच अंशांची असते, एखादी शून्याखाली उतरते. ट्राउटचा हंगामही ३० सप्टेंबरला संपतो. ऑक्टोबरात माशांची वीण सुरू होते, तिला धक्का लागू नये म्हणून ही तारीख आहे. शुगर मेपलचा रंग बहुधा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरात येतो. नेमक्या त्याच शनिवार-रविवारी गर्दी उसळते. रविवारी निघून बुधवारी परत आलात तर तळं जवळजवळ तुमच्या एकट्याचं असतं.

जागेसाठी सुचवण कनू लेकची. हायवे ६० वरचे किलोमीटर उद्यानाच्या पश्चिम दारापासून मोजतात. कनू लेकचा फाटा १४.१ वर आहे. धक्क्यावरून उत्तरेकडे पाचेक किलोमीटर वल्हवलं की सुमारे ३०० मीटरचं एक पोर्टेज लागतं. पोर्टेज म्हणजे कनू आणि सामान खांद्यावर घेऊन चालायची पायवाट. ती संपली की जो लेक. तिथून उत्तरेला टीपी, मग नदीचा अरुंद पट्टा, लिटलडो आणि शेवटी टॉम थॉमसन लेक. सगळं मिळून दहा-बारा किलोमीटर, आणि पोर्टेज एकच. वाटेत माणसं भेटतात, कनू लेकवर काही जुनी घरं आहेत, म्हणजे गरज पडली तर हाक ऐकायला कोणीतरी असतं. ज्याच्या नावाचं हे शेवटचं तळं आहे तो चित्रकार टॉम थॉमसन जुलै १९१७ मध्ये कनू लेकवरच एकटा कनूने निघाला आणि आठवड्याने त्याचा मृतदेह पाण्यात सापडला. कनूत मुरलेला माणूस होता तो.

ओपिओंगो हे उद्यानातलं सगळ्यात मोठं तळं. नावाच्या मोहाने नवखे तिकडे जातात. मोकळ्या पाण्यावरून येणारा वारा तिथे दुपारपर्यंत अशा लाटा उठवतो की दोघांच्या कनूलाही भारी पडतात. पहिल्यांदा एकट्याने तिथे नको.

आतल्या मुक्कामाचा परवाना ऑन्टारिओ पार्क्सकडे पाच महिने आधीपासून काढता येतो. कोणत्या रात्री कोणत्या तळ्यावर ते सांगावं लागतं, पण तळ्यावरची नेमकी जागा मात्र आधी येईल त्याची. जागांवर नारिंगी पाट्या असतात, पोर्टेजच्या तोंडाशी पिवळ्या. तिन्ही रात्री एकाच तळ्यावर घ्या. रोज तंबू उपटून गोल फेरी मारण्यात नवख्याचा दिवस बांधाबांधीत जातो, आणि वारा सुटला की सगळं वेळापत्रक कोसळतं. घाई झाली की माणूस नको तेव्हा पाण्यात उतरतो.

मासेमारीसाठी आउटडोअर्स कार्ड आणि वर्षाचा परवाना लागतो (१८ ते ६४ वयाला). अल्गॉनक्विन मासेमारीच्या झोन १५ मध्ये येतं, पण उद्यानाचे काही अपवाद वेगळे छापलेले असतात. तेच पान बघा. किती मासे ठेवता येतात ते परवान्याच्या प्रकारावर ठरतं. जिवंत मासा आमिष म्हणून नेणं किंवा वापरणं उद्यानात पूर्ण बंद आहे, गांडूळ चालतं. काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे आत न्यायलाही बंदी आहे, म्हणजे लोणच्याची बरणी घरीच. इंधन आणि औषधं यांना सूट आहे.

कनू आणि तिचा तोल

एकट्यासाठी १४-१५ फुटी कनू उत्तम. भाड्याने घेताना केव्हलरची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) मागा. ती १६-१८ किलोची असते, जुन्या ॲल्युमिनियमची ३० च्या पुढे जाते. एकट्याची कनू मिळाली नाही तर १६ फुटी दोघांची घ्या आणि उलटी वल्हवा: पुढच्या सीटवर मागच्या टोकाकडे तोंड करून बसायचं. अशाने तुम्ही मध्याच्या जवळ येता. दोन्ही टोकं सारखी असलेल्या कनूतच हे जमतं, तेव्हा भाड्याने देणाऱ्याला तसं सांगून ठेवा.

नेहमी होणारी चूक अशी: माणूस मागच्या सीटवर बसतो, पुढचं टोक हवेत वर उचललं जातं आणि वारा त्याला पकडून पतंगासारखं फिरवतो. मग माणूस जोर लावतो, दमतो, कनू गोल फिरते. इलाज जोराचा नाही, वजनाचा आहे. जड बॅग पुढे सरकवा. किनाऱ्यालगत उथळ पाण्यात बसून कोणाला तरी बाजूने बघायला सांगा. पुढचं टोक मागच्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटरच वर दिसायला हवं. समोरून वारा असेल तर बॅग आणखी पुढे, मागून असेल तर थोडी मागे. ती हाताशी ठेवा म्हणजे बसल्या जागी ढकलता येते. लाटा वाढल्या की सीटवरून उतरून गुडघ्यांवर बसा, गुडघे फाकवून, बूड सीटच्या कडेला टेकलेलं. गुडघ्याखाली फोमची चकती हवीच, नाहीतर वीस मिनिटांत पाय बधिर होतात.

एका बाजूने वल्हवत सरळ जायला जे-स्ट्रोक लागतो. वल्हं मागे कमरेपर्यंत आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवा आणि पातं बाहेर ढकला. पाण्यात इंग्रजी जे अक्षर उमटतं. अंगठा वर वळवूनही कनू वळते, पण खांदा दुखायला लागतो आणि सवय मोडत नाही. दर चार फटक्यांना बाजू बदलत गेलात तरी पोहोचाल, फक्त मांडी भिजेल, आणि शरदात भिजलेली मांडी दिवसभर आठवण देते. दुसरं वल्हं बरोबर हवंच.

दहा मीटरांहून थोडा मोठा दोर पुरेल असं वाटतं, पण कायद्याने मदतीसाठी फेकायचा तरंगणारा दोर १५ मीटरचा लागतो. शिवाय जॅकेट, शिटी आणि पाणी उपसायचं भांडं. अंधार पडल्यावर किंवा धुक्यात बाहेर असलात तर दिवा. भाड्याच्या कनूबरोबर बहुधा हे सगळं एका डबीत देतात, उघडून बघा. कनूच्या दोन्ही टोकांना पाच-पाच मीटरचे वेगळे दोर बांधा. काठाला लागल्यावर आधी दोर हातात, मग पाय बाहेर. एकट्याची कनू वाऱ्याने निघून गेली तर आणून देणारं कोणी नसतं, रात्री तर ती पाण्यापासून लांब नेऊन पालथी घालून झाडाला बांधायचीच.

पोर्टेज

एकटा माणूस दोन फेऱ्या करतो: एकदा बॅग, एकदा कनू. म्हणजे वाट तीनदा तुडवायची, ३०० मीटरचं पोर्टेज तुम्हाला ९०० मीटरचं. नकाशावर अंतर बघताना तिनाने गुणा.

आधी बॅग न्या. जाताना वाट बघून होते: कुठे चिखल, कुठे आडवं झाड. मग कनू. खांद्यावर झटक्याने फिरवून घ्यायची पद्धत दिसायला छान असते, पण एकट्याने पाठ धरली तर उरलेले दिवस कठीण. ही सोपी पद्धत घ्या: कनू जमिनीवर पालथी करा. पुढच्या टोकाशी जाऊन ते डोक्यावर उचला, मागचं टोक जमिनीतच टेकलेलं राहील. आता दोन्ही हात कडांवर ठेवून, कनूखालून, एकेक पाऊल मागच्या टोकाकडे सरका. मधला आडवा दांडा खांद्यांवर आला की गुडघे किंचित वाकवून उभे राहा, मागचं टोक आपोआप उचललं जातं. पुढचं टोक जरा वर ठेवा म्हणजे वाट दिसते. उतरवताना हेच उलट. वल्ही आणि गळ कनूत आडव्या दांड्यांना बंजी दोरीने बांधा. मोकळं वल्हं पोर्टेजच्या तोंडाशी राहून जातं, आणि ते परत आणायला जाणं म्हणजे चौथी फेरी.

ओली पानं मेपलची असोत की बर्चची, साबणासारखी निसटतात. बूट घोट्याच्या वर येणारे आणि खोल खाचांच्या तळव्याचे हवेत.

सामानात काय

कापसाचं काहीही नको, जीन्स तर अजिबातच नको. ओला कापूस अंगातली ऊब शोषतो आणि वाळत नाही. लोकर किंवा सिंथेटिक घ्या. कपड्यांचे जोड दोनच: दिवसाचा आणि रात्रीचा. रात्रीचा जोड, मोजे आणि टोपी एका वॉटरप्रूफ पिशवीत, तोंड तीन वेळा गुंडाळून. सकाळी दिवसाचे कपडे दमट असले तरी तेच घालायचे. नेमकं इथे मन कच्चं पडतं, कोरडा जोड दिवसा अंगावर येतो आणि रात्री दोन्ही ओले.

स्लीपिंग बॅग उणे सात अंशांच्या आरामाची. खालची चटई तितकीच महत्त्वाची, कारण अंगाच्या वजनाने बॅगेतली खालची हवा दबून जाते. आर-मूल्य (चटई थंडी किती अडवते त्याचं माप) चार किंवा जास्त बघा. झोपायच्या आधी घट्ट झाकणाच्या बाटलीत उकळतं पाणी भरून मोज्यात घाला आणि पोटाजवळ घ्या. रात्री थंडीने जाग आली तर मूठभर सुकामेवा खा आणि लघवीला जाऊन या. आळस करून पडून राहिलात तर सकाळपर्यंत कुडकुडाल.

पाणी गाळायचा फिल्टर पोकळ तंतूंचा असेल तर तो एकदा गोठला की निकामी होतो, वरून काही कळत नाही आणि त्यातून घाण पाणी येतं. रात्री तो बॅगेत बरोबर घेऊन झोपा. शंका आली तर पाणी एक मिनिट खळखळ उकळा. गॅसच्या डब्याचंही तसंच: पाच अंशांखाली ज्योत मलूल होते. पेटवण्याआधी डबा अंगाशी गरम करा, किंवा थाळीत दोन बोटं कोमट पाणी घेऊन त्यात उभा ठेवा. तीन रात्रींना २३० ग्रॅमचा एक डबा पुरतो, जेवण एकाच भांड्यात शिजणारं असेल तर.

जेवण मासे मिळतील या भरवशावर आखू नका. दिवसाला कोरडा शिधा ६५०-७०० ग्रॅम धरा, आणि वाऱ्याने अडकलात तर म्हणून एक दिवस जास्तीचा. सकाळी पोहे किंवा भाजणीचं थालीपीठ, दुपारी न शिजवता खायचं (चपातीत गुंडाळलेली चटणी, शेंगदाणे, गूळ), रात्री मूगडाळ-तांदळाची खिचडी, त्यात तुपाचे दोन मोठे चमचे. थंडीत तुपाला पर्याय नाही. मेतकूट आणि लोणचं प्लास्टिकच्या छोट्या डबीत. दुसऱ्या एका पिशवीत चार चमचे रवा, दोन चमचे तांदळाचं पीठ, एक तिखट, अर्धा हळद आणि मीठ घरूनच मिसळून न्या. कोकमाचं आगळ थोडंसं. मासा लागला तर काम झालं, नाही लागला तर रवा उपमा होऊन पोटात जातो.

दिवस कसा घालवायचा

शरदातला दिवस बारा तासांचा. सप्टेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि जंगलात अर्धा तास आधीच अंधारतं. म्हणून तीनपर्यंत जागा गाठलेली असावी. वारा बहुधा दहा-अकराला उठतो आणि संध्याकाळी पडतो, म्हणजे मोठं अंतर सकाळी काटायचं. अडचण एकच, सकाळी धुकं असतं. पाणी गरम, हवा थंड, त्यामुळे स्वच्छ रात्रीनंतर नऊपर्यंत समोरचा काठ दिसत नाही. धुक्यात निघायचं नाही, चहा करायचा. निघावंच लागलं तर किनारा हाताच्या अंतरावर ठेवून.

एकट्याने सामान भरलेल्या कनूचा वेग ताशी चार किलोमीटर, वाऱ्याविरुद्ध दोन. पहिल्या दिवशी दहा-बारा किलोमीटर म्हणजे पोर्टेजसकट पाच तास. टोरांटोहून गाडीला तीन तास. सकाळी सहाला घर सोडलंत तर हिशेब बसतो, दहाला सोडलंत तर जो लेकवरच मुक्काम करा आणि परवानाही तसाच काढा.

जागेवर पोहोचल्यावर आधी मान वर करा. तंबूच्या वर वाळलेलं झाड किंवा लोंबणारी फांदी असेल तर जागा बदला. शरदातल्या वादळी रात्री हेच पडतं. मग क्रम असा: तंबू, स्लीपिंग बॅग उघडून फुलायला टाकणं, अन्न टांगायचा दोर उजेडातच झाडावर टाकून ठेवणं, सरपण, आणि मग गळ. पडलेलं, वाळलेलं लाकूडच गोळा करायचं. मनगटाएवढ्या जाडीचं, हाताने मोडताना कडकन आवाज करणारं. जिवंत बर्चची साल ओरबाडू नका, खाली पडलेली तितकीच पेटते.

अन्न, कचरा, टूथपेस्ट, मासे तळलेली कढई हे सगळं एका पिशवीत घालून जमिनीपासून किमान चार मीटर वर आणि खोडापासून दोन मीटर लांब टांगा, तंबूपासून शक्य तितकं दूर. अन्न ठेवायचं निळं प्लास्टिकचं पिंप पाणी अडवतं, पण अस्वलापुढे ते टिकेलच असं नाही, तेव्हा तेही टांगायचं. काळं अस्वल दिसलं तर पळू नका. मोठ्याने बोलत, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. शरदात त्याच्याइतकीच सावधगिरी मूस या प्रचंड हरणाच्या नराबद्दल हवी. सप्टेंबरच्या मध्यापासून त्यांचा माजाचा काळ असतो, आणि एरवी माणसाकडे दुर्लक्ष करणारा हा प्राणी तेव्हा अंगावर येऊ शकतो. फोटोसाठी कनू जवळ नेऊ नका. तो पोहतो, आणि तुमच्यापेक्षा वेगाने.

गरवणं

सहा ते साडेसहा फुटी, दोन तुकड्यांचा, मध्यम-हलका स्पिनिंग रॉड, २५०० मापाचं रीळ, आठ पौंडी दोरी. आमिषांत ७ ते १५ ग्रॅमचे तीन चांदीरंगी-तांबडे स्पून (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष), दोन नंबरचे तीन स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष), सात ग्रॅमच्या जिगवर (वजन जडवलेल्या गळावर) लावायचे तपकिरी-हिरवे रबरी ट्यूब सहा, साधे गळ आणि गांडुळांची डबी. एवढं एका जॅकेटच्या खिशात मावतं. वजनं शिशाची नकोत. पाण्यात हरवलेला शिशाचा मणी लून पक्ष्याच्या पोटात गेला तर तो मरतो. कथलाची वजनं मिळतात. आणि गळाचा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा थोडा जास्त निसटेल, पण तोच गळ तुमच्या अंगठ्यात रुतला तर सहज निघेल. एकट्याला हा सौदा परवडतो.

माशाची जागा पाण्याचं तापमान ठरवतं, म्हणून दोरीला बांधलेला थर्मामीटर न्या. उन्हाळाभर लेक ट्राउट दहा अंशांच्या पाण्याच्या शोधात खोल, पंधरा मीटरच्या खाली असतो. सप्टेंबरात वरचा थर थंड होत जातो, तसा तो वर येतो. महिन्याच्या मध्याला आठ-बारा मीटरवर शोधा, अखेरीस खडकाळ उतारांवर त्याहून वर. ब्रूक ट्राउट त्याच सुमारास ओढ्यांच्या तोंडाशी आणि पाण्याखालून झरा येतो अशा काठाला लागतो. कनू लेकसकट हायवे ६० च्या जवळच्या बऱ्याच तळ्यांत स्मॉलमाउथ बास आहे. तो मूळचा इथला नाही, माणसांनी आणून सोडलेला. दुपारी ऊन लागलेल्या दगडी टोकांवर, तीन ते सहा मीटर पाण्यात ट्यूब तळाशी टेकवून हळू ओढलात की नवख्याला पहिला मासा बहुधा हाच देतो.

ट्राउटसाठी दोन रीती. एक म्हणजे वल्हवत ओढणं: स्पून मागे तीस-चाळीस मीटर सोडा, रॉडचा मागचा भाग मांडीखाली, टोक बाजूला आणि वर, रिळाचा ब्रेक सैल. ब्रेक घट्ट ठेवून वल्हवलंत तर मोठा मासा रॉडच पाण्यात ओढून नेतो. सरळ रेषेत जाऊ नका, नागमोडी जा. वळणावर आतल्या बाजूचा स्पून खाली बसतो आणि मासा तेव्हाच धरतो. स्पून खूप वरून जात असेल तर अर्धा मीटर आधी २०-३० ग्रॅमचं वजन लावा. दुसरी रीत सोपी आणि एकट्याला जास्त सोयीची: उतारावर कनू थांबवून १५ ग्रॅमचा स्पून सरळ खाली सोडा, तळ लागायला किती सेकंद गेले ते मोजा, दोन वेळा रीळ फिरवून वर घ्या आणि रॉड अर्धा मीटर उचलून सैल सोडा. स्पून खाली पडतानाच मासा तो धरतो, म्हणून दोरी ढिली पडू न देता खाली जाऊ द्या.

कनू थांबवायला जाळीच्या पिशवीत दगड घालून दहा-पंधरा मीटर दोराचा नांगर करा. तो कनूच्या टोकालाच बांधायचा, बाजूला कधीही नाही. बाजूला बांधलेला नांगर वाऱ्यात कनू आडवी धरतो, कड खाली खेचतो आणि पाणी आत येतं. दोराला गाठ अशी मारा की एका ओढीने सुटेल.

एकटे गरवणारे कनूतून पडतात ते मासा लागल्यावरच. मासा जवळ येतो, माणूस वाकतो, दोन्ही हात एकाच बाजूला, वजन कडेवर. म्हणून मासा लागला की आधी गुडघ्यांवर या. तो दमेपर्यंत घाई नको. आखूड दांड्याचं जाळं मांडीजवळ, नाक कनूच्या मधल्या रेषेवर, मासा तुमच्याकडे आणायचा, तुम्ही माशाकडे जायचं नाही. जाळं पोहोचत नसेल तर काठाला लागा आणि तिथे उचला. हरवलेल्या माशाचं दुःख संध्याकाळपर्यंत टिकतं. सोडायचा मासा पाण्यातच धरून, लांब चिमट्याने गळ काढून सोडा.

ठेवायचा असेल तर तो मुक्कामाच्या जागेपासून दूर काठावर साफ करा. आतडी-डोकी पाण्यापासून आणि सगळ्या मुक्कामाच्या जागांपासून लांब, जंगलात पुरा. तंबूजवळ काही राहिलं तर रात्री पाहुणा येतो. फिले काढून आगळ आणि मीठ लावा, दहा मिनिटांनी घरून आणलेल्या रव्यात घोळवा, मंद आचेवर तेलात दोन्ही बाजूंनी. ट्राउट लवकर शिजतो. सुरमईच्या हिशेबाने ठेवलात तर भुगा होतो. हात धुऊनच स्लीपिंग बॅगेला हात लावा आणि स्वयंपाकाचा शर्ट अन्नाबरोबर टांगा.

भिजलात तर

कनू सोडू नका, ती तरंगते आणि लांबून दिसते. श्वास आवरला की तिला धरून काठाकडे पाय मारा. भरलेली कनू खोल पाण्यात एकट्याने उलथवून आत चढणं नवख्याला थंडीत जमत नाही, तिथे वेळ घालवू नका. काठ तीस मीटरवर ठेवला तो याचसाठी. बाहेर आल्यावर ओले कपडे पूर्ण काढा, कोरडा जोड घाला, टोपी घाला, मग गॅस पेटवून गोड गरम पाणी. आधी शेकोटी करायला जाऊ नका, हात थरथरत असताना काड्या वाया जातात. थरथर थांबली आणि बोलणं अडखळायला लागलं तर ते बरं होणं नव्हे, बिघडणं आहे. यंत्रावरचं मदतीचं बटण तेव्हा दाबायचं. आतल्या भागात मोबाइल लागत नाही असंच धरून चाला.

निघण्याआधी घरी एका माणसाकडे कागद द्या: कुठून निघालात, कोणतं तळं, कनूचा आणि तंबूचा रंग, गाडीचा नंबर, आणि कोणत्या तारखेच्या किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं. वेळ ढिली ठेवा: बुधवारी दुपारी परतणार असाल तर गुरुवारी सकाळी दहा लिहा. म्हणजे बुधवारी वारा सुटला तर काठावर आणखी एक रात्र काढायची मोकळीक राहते, आणि त्यासाठीच तो जास्तीचा शिधा आहे. धक्क्याला परत लागलात की गाडीत हीटर लावून बसा, हंट्सव्हिलच्या वाटेवर सिग्नल आला की कडेला थांबून आधी त्या माणसाला फोन करा. तंबू घरी गेल्यावर त्याच रात्री उघडून वाळत टाका.